गाळा बदलला, आता फर्निचर कोणतं? ऑनलाइन दुकान हलवताना थीम कशी निवडायची

जळगावात फुले मार्केटमधला गाळा सोडून कुणी रिंग रोडला दुकान हलवलं, की पुढचे पंधरा दिवस कसे जाणार ते ठरलेलं असतं. जुनं गिऱ्हाईक बंद शटरसमोर येऊन उभं राहतं, शेजारच्या चहावाल्याला विचारतं आणि नव्या जागेवर पोचलं की दारातूनच म्हणतं, "काय भो, मसाला कुठे ठेवला आता?" माल तोच, भाव तोच, मालकही तोच. पण हात ज्या फळीकडे आपोआप जायचा ती फळी तिथे नसते.

ऑनलाइन दुकानही असंच हलतं. फक्त तिथे शेजारी चहावाला नसतो आणि गिऱ्हाईक विचारत बसत नाही. मागे जायचं बटण दाबतं नि मोकळं होतं.

मी जळगावात बसून आसपासच्या दुकानदारांच्या वेबसाइट सांभाळतो. फोन बहुतेक असा येतो: "भाऊ, प्लॅटफॉर्म बदलायचं ठरलंय. तीन थीम व्हॉट्सॲपवर टाकल्यात, कोणती घेऊ तेवढं सांगा." तिन्ही सुंदर असतात. तिन्हींत लिननचे शर्ट घातलेली गोरी माणसं समुद्रकाठी उभी असतात. आणि विचारणाऱ्याचा धंदा असतो उडदाच्या पापडाचा.

या लेखात एका ताईंचं दुकान वारंवार येईल. त्या भुसावळकडच्या. कुरडया, बिबडे, पापड, काळा मसाला, कळण्याचं पीठ असा सगळा ४६ वस्तूंचा पसारा. गिऱ्हाईक मुख्यतः सुरत, पुणे, नाशिकला स्थायिक झालेले आपलेच लोक. त्यांचं दुकान वर्डप्रेस या वेबसाइट बांधायच्या सॉफ्टवेअरवरून शॉपिफायवर नेलं तेव्हा मी जे शिकलो, त्यातलं निम्मं चुका करून शिकलो.

गाळा, फर्निचर आणि माल

प्लॅटफॉर्म म्हणजे गाळा. वू-कॉमर्स हे २०११ साली आलेलं, वर्डप्रेसवर चालणारं दुकान. ते म्हणजे स्वतःच्या प्लॉटवर बांधलेलं घर. भिंत कुठे पाडायची ते तुम्ही ठरवता, गळतीही तुम्हीच बुजवता. शॉपिफाय ही २००६ पासूनची कॅनडातली कंपनी. तिथलं दुकान म्हणजे मोठ्या संकुलातला भाड्याचा गाळा. वीज, पाणी, वॉचमन त्यांचा. भाडं दरमहा आणि नियमही त्यांचेच.

थीम म्हणजे त्या गाळ्यातलं फर्निचर: काउंटर, फळ्या, काचेची शोकेस, भिंतीचा रंग, पाटी. एका गाळ्याच्या मापानं सुतारानं केलेली शोकेस दुसऱ्या गाळ्यात बसत नाही. "जुनीच थीम इकडे आणून द्या ना" असं लोक म्हणतात, ते म्हणूनच होत नाही. वर्डप्रेसची थीम पीएचपीत लिहिलेली असते, शॉपिफायची लिक्विड नावाच्या वेगळ्याच भाषेत. दोन्हीकडे एकाच नावाची थीम दिसली तरी ते आडनावबंधू समजा. जुन्यासारखं दिसणारं नवं करता येतं, जुनं उचलून आणता येत नाही.

तिसरा ढीग मालाचा: वस्तूंची नावं, भाव, वजनं, फोटो, गिऱ्हाइकांचे पत्ते, जुन्या ऑर्डरी. हे बहुतेक सगळं एका तक्त्याच्या फाइलमधून इकडून तिकडे जातं. गिऱ्हाइकांचे पासवर्ड मात्र जात नाहीत, कारण ते जुन्या जागीही उघडे ठेवलेले नसतात, त्यांचा भुगा करूनच साठवलेले असतात. म्हणजे जुन्या गिऱ्हाइकाला नव्या दुकानात खातं पुन्हा सुरू करावं लागणार. ते आधीच कळवलेलं बरं.

इथपर्यंत सगळ्यांना कळतं. घोटाळा चौथ्या ढिगाचा आहे. वर्षानुवर्षं जुन्या दुकानात काही गोष्टी अशा साचतात की त्या फर्निचरच्या, मालाच्या की भाड्यानं आणलेल्या मशीनच्या (म्हणजे बाहेरून जोडलेल्या ॲप-प्लगिनच्या), हे मालकालाही आठवत नाही. ताईंच्या जुन्या साइटवर प्रत्येक वस्तूच्या पानावर एक छोटी चौकट होती: साहित्य काय, किती महिने टिकतं, तेल किती तापवून तळायचं. दिसायला ती वस्तूच्या वर्णनाचाच भाग होती. मी फाइल काढली, नव्या जागी भरली, ४६ वस्तू झकास आल्या. चौकट एकाही पानावर नाही. ती माहिती जुन्या थीमनं स्वतःच्याच कप्प्यात ठेवली होती. थीम गेली तशी तीही गेली. दोन संध्याकाळी ताई सांगत होत्या आणि मी टाइप करत होतो. जुनी साइट अजून चालू होती म्हणून निभावलं.

तेव्हापासून मी थीमचं नावही काढण्याआधी एक जुनाट काम करतो. जुन्या दुकानाची तीन पानं कागदावर छापून घेतो: पहिलं पान, एका प्रकाराचं पान, एका वस्तूचं पान. मग पेन घेऊन एकेका गोष्टीवर खूण करतो की हे फर्निचर, हा माल, हे भाड्याचं मशीन. गिऱ्हाइकांनी दिलेले तारे आणि अभिप्राय? मशीन. पिनकोड टाकून पार्सल येईल का ते बघायची पेटी? मशीन. "अर्धा किलो, एक किलो" निवडायच्या गोळ्या? वजनं मालाची, गोळ्यांचं रूप फर्निचरचं. तासाभराचं काम आहे. त्या कागदावरूनच समजतं की नव्या थीमकडून नेमकं काय मागायचं आणि कशासाठी वेगळं ॲप लागणार. हा कागद हातात नसताना थीम बघायला बसणं म्हणजे यादी न करता लग्नाचा बस्ता बांधायला जाणं.

डेमो बघू नका, आपला माल मांडून बघा

थीम विकणाऱ्याचा डेमो म्हणजे फोटोग्राफरचा पराक्रम. सहा वस्तू, सहाही एकाच मापाच्या, पांढऱ्याशुभ्र पार्श्वभूमीवर. नावं दोन शब्दांची. आपल्याकडे नाव असतं "खान्देशी उडदाचे पापड, हाताने लाटलेले, मध्यम तिखट, १ किलो" आणि फोटो असतो ओट्यावर, ट्यूबलाइटच्या उजेडात, कोपऱ्यात मिक्सरचं झाकण.

म्हणून डेमोतली माणसं आणि समुद्र वजा करून बघायचं. शॉपिफायवर विकतची थीमही आधी आपल्या दुकानात आणून आपला माल भरून बघता येते. पैसे द्यावे लागतात ते ती लोकांसमोर उघडताना. वर्डप्रेसवर बहुतेक होस्टिंगवाले, म्हणजे साइटला जागा भाड्यानं देणारे, तिची तात्पुरती नक्कल काढून देतात, तिच्यावर प्रयोग करायचे. तीन थीम निवडा, तिन्हींत आपल्याच दहा वस्तू टाका. आणि त्या दहा चांगल्यातल्या नकोत, अडचणीच्या हव्यात. सर्वांत लांब नावाची एक. सर्वांत वाईट फोटोची एक. संपलेली एक. तीन वजनांत मिळणारी एक. सवलत चालू असलेली एक. फोटोच नसलेली एक. वर्णन पानभर असलेली एक. मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांसमोर मांडतात तसा माल इथे मांडायचा नाही.

ताईंच्या बाबतीत या परीक्षेत पहिली थीम पाच मिनिटांत नापास झाली. तिची फोटोची चौकट उभी होती, चार रुंद तर पाच उंच. ताईंचे सगळे फोटो चौकोनी, आणि पाकिटावरचं नाव आडवं, या कडेपासून त्या कडेपर्यंत. थीमनं दोन्ही बाजू कापल्या. "कळण्याचे पीठ" चं झालं "ळण्याचे पी". फोटो पूर्ण दाखवायची सोय काही थीममध्ये असते, हिच्यात नव्हती. ४६ वस्तूंचे फोटो पुन्हा काढायचे की थीम सोडायची? सोडली.

जुनं वर्णन जसंच्या तसं आणलं तर आणखी एक गंमत होते. वर्णनाच्या आत जुने रंग, जुने फॉन्ट, ठराविक रुंदीचे तक्ते लपलेले असतात आणि ते नव्या घरात येऊनही जुनीच वेशभूषा सोडत नाहीत. कधी चौकटी कंसांत न समजणारे शब्द दिसतात. ती जुन्या पानबांधणीच्या प्लगिनची हाडं. ते सगळं काढून साधा मजकूर करून घ्यायचा, मगच थीमला नावं ठेवायची.

मराठी अक्षरांची परीक्षा

हा भाग मी थोडा लांबवणार आहे, कारण थीमची इंग्रजी परीक्षणं ढीगभर सापडतात पण त्यांत याबद्दल अक्षर नसतं. बहुतेक थीम रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून केलेल्या असतात. तिथे देवनागरी टाकली की तीन जागी मार बसतो.

पहिला मार उंचीचा. रोमन अक्षरं बरीचशी मधल्या पट्ट्यात राहतात. आपल्याकडे वर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार, खाली उकार आणि जोडाक्षरांचे पाय. थीमनं मथळ्याच्या दोन ओळींतलं अंतर आवळलेलं असेल, तर "शेंगदाण्याची कुटलेली चटणी" हे नाव दोन ओळींत मोडताच वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसतो. काही थीम तर चौकटीबाहेर गेलेला भाग सरळ कापतात, अनुस्वारच उडतो. ओळींतलं अंतर वाढवायची सोय सेटिंगमध्ये आहे का, हे आधी पाहायचं.

दुसरा मार शिरोरेषेचा. मथळ्यातली अक्षरं मोकळी मोकळी, लांब लांब ठेवायची फॅशन आहे. रोमनमध्ये ते खानदानी दिसतं. देवनागरीत शिरोरेषा तुटते आणि "पापड" हे "पा प ड" होऊन दोरीवर वाळत घातल्यासारखं लोंबतं. हे अंतर शून्य करता येत नसेल तर ती थीम आपली नाही. सगळी अक्षरं मोठ्या लिपीत (कॅपिटल) दाखवायची करामतही आपल्याकडे निरुपयोगी, कारण देवनागरीत मोठी आणि छोटी लिपी असा भेदच नाही. ज्या थीमचा सगळा डौल त्याच एका करामतीवर उभा असतो, ती मराठीत अगदी अळणी दिसते.

तिसरा मार फॉन्टचा. थीमच्या फॉन्टमध्ये देवनागरी नसेल तर फोन आपल्याजवळचा कुठला तरी फॉन्ट वापरतो. मग एका फोनवर दुकान एक दिसतं, दुसऱ्यावर दुसरं. मुंबईच्या "एक टाइप" या संस्थेचा "मुक्त" हा फॉन्ट, किंवा पॉपिन्स, हिंद, नोटो सॅन्स देवनागरी यांत इंग्रजी आकडे आणि देवनागरी अक्षरं एकमेकांशेजारी नीट नांदतात, आणि ते फुकट आहेत. पानाची भाषा मराठी म्हणून नोंदवायलाही विसरू नका. मराठी ल आणि श हिंदीपेक्षा वेगळ्या वळणाचे असतात. ज्या फॉन्टमध्ये ती वळणं भरलेली आहेत तो भाषा बघूनच ती दाखवतो. ज्याला डोळ्यांनी दिसत नाही अशा माणसाला पान वाचून दाखवणारं यंत्रही त्याच नोंदीवर चालतं.

बटणांवरचे शब्द स्वतः बदलता येतात का, तेही बघा. "ॲड टू कार्ट" आता सगळ्यांना कळतं, माझा त्याला विरोध नाही. पण ताई म्हणाल्या, "पिशवीत टाका असं लिहा." मी नाक मुरडलं. लिहून पाहिलं तर बरं दिसलं. आजही तेच आहे.

किती माल, कसला माल

धुळ्याच्या आग्रा रोडवर दोन दुकानं कल्पून बघा. एकात चाळीस वस्तू, दुसऱ्यात अठराशे. पहिल्या दुकानात गिऱ्हाईक बघत बघत फिरतं. दुसऱ्यात ते चिठ्ठी घेऊन येतं.

ताईंचं दुकान पहिल्या जातीचं. तिथे मोठे फोटो हवेत आणि प्रत्येक वस्तूची थोडी गोष्ट सांगायला जागा हवी. बिबडे म्हणजे ज्वारीचे, हे सुरतेत वाढलेल्या नातवाला सांगावं लागतं. त्यातही वाळवण, मसाले, पिठं अशी तीन-चार दारं पुरतात. पाच पातळ्यांचा मेनू लावला तर प्रत्येक दारामागे दोनच वस्तू सापडतात आणि दुकान ओसाड वाटतं.

आता केळीच्या पट्ट्यातलं, चोपडा-रावेरकडचं ठिबकच्या सुट्या भागांचं दुकान घ्या. लॅटरल, म्हणजे पिकाच्या ओळीतली बारीक नळी, १२, १६, २० मिलिमीटरची. प्रत्येक मापाचे जॉइनर वेगळे, ग्रोमेट वेगळे, एंड कॅप वेगळी. तिथे शेतकऱ्याला गोष्ट नको. त्याचं पाणी थांबलंय, त्याला १६ चा जॉइनर आजच्या आज हवाय. अशा दुकानाच्या थीममध्ये शोधपेटी सर्वांत वर आणि मोठी हवी, मापानुसार गाळायची चाळणी हवी, यादी दाट हवी, आणि एकाच पानावरून दहा वस्तूंचे नग भरता आले पाहिजेत. तिथे पडदाभर मोठा फोटो म्हणजे अडगळ. हार्डवेअरवाल्यानं कपड्यांची थीम "छान दिसते" म्हणून घेतली की सहा महिन्यांत तो पुन्हा फोनवर ऑर्डरी घेताना दिसतो. असे दोघे मला माहीत आहेत.

फोन, उजेड आणि उड्या

थीम आपण ऑफिसात, मोठ्या पडद्यावर, वायफायवर निवडतो. गिऱ्हाईक ती बघतं बसस्टँडवर, उन्हात, तडा गेलेल्या काचेच्या फोनवर. त्यामुळे फिकट राखाडी अक्षरांची थीम कितीही नाजूक दिसली तरी सोडून द्या. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यातल्या उजेडाच्या फरकाचं जगभर मानलेलं किमान प्रमाण ४.५ ला १ आहे. ते मोजायची फुकट साधनं आहेत, पण साठीच्या काकूंच्या हातात फोन दिला तरी कळतं.

वेगासाठी गुगलचं पेजस्पीड इनसाइट्स वापरा. तिथले तीन आकडे ध्यानात ठेवले की पुरे. पानावरची मुख्य गोष्ट अडीच सेकंदांत दिसली पाहिजे. बटण दाबल्यावर २०० मिलिसेकंदांच्या आत पान हललं पाहिजे. आणि तिसरा आकडा उड्यांचा, तो ०.१ च्या आत हवा. उड्या म्हणजे काय? तुम्ही "पिशवीत टाका" दाबायला बोट नेता, तेवढ्यात वरचा फोटो उतरतो, सगळं पान खाली सरकतं आणि बोट पडतं भलत्याच वस्तूवर. चांगली थीम फोटो यायच्या आधीच त्याची जागा राखून ठेवते.

परीक्षा घ्यायची तर थीमच्या डेमोची नको, दहा वस्तू भरलेल्या आपल्या कच्च्या दुकानाची घ्या. तरीही सगळा दोष थीमच्या माथी मारू नका. पहिल्या पानावर चार एमबीचा बॅनर आपणच चढवलेला असतो.

आणि ती हिरवी व्हॉट्सॲपची गोळी. आपल्याकडे ती हवीच, निम्म्या ऑर्डरी तिथूनच पक्क्या होतात. पण ती उजव्या कोपऱ्यात खाली बसते, आणि हल्ली बऱ्याच थीम खरेदीचं बटणही फोनच्या तळाला चिकटवून ठेवतात. एकावर एक. ताईंच्या पहिल्या दिवशी तीन जणांनी विचारलं, "ताई, ऑर्डर द्यायचं बटण कुठेय?" ते गोळीखाली होतं.

कायद्याला जागा ठेवा

पाकीटबंद वस्तू ऑनलाइन विकताना उत्पादकाचं नाव-पत्ता, निव्वळ वजन, सर्व करांसह कमाल किंमत, तक्रारीसाठी संपर्क अशा गोष्टी वस्तूच्या पानावर दाखवाव्या लागतात. वैधमापनाच्या, म्हणजे वजन-मापांच्या, नियमांत ही तरतूद १ जानेवारी २०१८ पासून लागू आहे. खाद्यपदार्थ असेल तर एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, १४ आकडी क्रमांक हवा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्कही साइटवर लागतो. थीमशी याचा संबंध एवढाच की ही माहिती नीट मांडायला तिच्यात जागा पाहिजे. प्रत्येक वस्तूसाठी वेगळे रकाने भरता येतील, अशी थीम हवी. नाहीतर सगळं वर्णनात कोंबलं जातं, आणि पुढच्या वेळी प्लॅटफॉर्म बदलताना आजचीच रड.

काही थीमच्या जाहिरातीत घड्याळ असतं: "सवलत संपायला १० मिनिटे." शेजारी "आत्ता १७ जण ही वस्तू पाहत आहेत." हे आकडे अनेकदा थीम आपल्या मनानं टाकते, पान पुन्हा उघडलं की घड्याळ पुन्हा दहावर. केंद्र सरकारनं नोव्हेंबर २०२३ मध्ये ग्राहकांना फसवणाऱ्या अशा १३ क्लृप्त्यांची यादी मार्गदर्शक तत्त्वांत दिली, त्यात खोटी घाई लावणं हे आहेच. न विचारता आधीच टिक केलेली चौकोनी खूण तर २०२० च्या नियमांतही चालत नाही. ताईंचं मत माझ्यापेक्षा कडक होतं: "माझ्या कुरडईला घाई कशाला? वर्षभर टिकते ती." घड्याळ काढलं.

पत्ते बदलतात, पाटी लावा

आता माझी मोठी चूक. वू-कॉमर्समध्ये वस्तूच्या पत्त्यात सहसा "प्रॉडक्ट" हा शब्द येतो, शॉपिफायमध्ये "प्रॉडक्ट्स". फरक एका अक्षराचा, पण इंटरनेटच्या लेखी ती दोन वेगळी घरं. शॉपिफायमध्ये हा साचा बदलता येत नाही. म्हणून प्रत्येक जुन्या पत्त्यावर "आम्ही इथे गेलो" अशी कायमची पाटी लावावी लागते. तंत्रवाले तिला ३०१ म्हणतात. ती निदान वर्षभर ठेवा असं गुगल सांगतं. मी तर म्हणेन, काढूच नका.

मी पाट्या लावल्या, पण गुगलमध्ये दिसणाऱ्या पानांनाच. आणि दुकान हलवलं अखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) दहा दिवस आधी, ऐन वाळवणाच्या दिवसांत. सुरतेतल्या भावकीच्या ग्रुपांवर दोन वर्षांपासून कुरडईच्या जंबो पाकिटाची एक जुनी लिंक फिरत होती, ती गुगलच्या यादीत नव्हतीच. लोक दाबत होते, "पान सापडले नाही" येत होतं. थीमचं ते पानही कोरं, खाली ना शोधपेटी ना फोन नंबर. ताईंच्या सुरतेच्या नणंदेचा फोन आला: "दुकान बंद केलं का गं?"

यातून दोन गोष्टी. दुकान हलवायचं तर सणाच्या आणि हंगामाच्या तोंडावर नाही; वाळवणवाल्यांनी पावसाळ्यात, मिठाईवाल्यांनी दिवाळीनंतर. आणि थीम निवडताना ते "सापडले नाही"चं पान उघडून बघायचंच. त्यावर शोधपेटी, चार मुख्य वस्तू आणि फोन नंबर ठेवता आला पाहिजे.

पैशांचं थोडक्यात. फुकट थीम वाईट नसतात. शॉपिफायची डॉन ही २०२१ ची फुकट थीम कित्येक दुकानांना पुरते. विकतच्या थीमला तिथे साधारण शंभर ते चारशे-पाचशे डॉलर एकदाच पडतात, तेही एका दुकानापुरते. खरा खर्च नंतर लागतो तो दरमहाच्या ॲपचा. म्हणून जी सोय थीममध्येच आहे तिच्यासाठी ॲप घेऊ नका. थीमच्या कोडमध्ये कुणाकडून काही बदलून घेतलं असेल तर लिहून ठेवा. पुढची सुधारित आवृत्ती आली की ते बदल आपोआप बरोबर येतीलच असं नाही. वर्डप्रेसवर तर मूळ थीममध्येच केलेले बदल पुसले जातात, म्हणून तिथे बदलांसाठी उपथीम ठेवतात.

शेवटची परीक्षा फुकट आहे. ज्यानं जुनं दुकान वापरलंय अशा एखाद्या मावशीच्या हातात फोन द्या, म्हणा, "एक किलो कुरडई मागवा." मग गप्प बसा. ती चुकली तरी गप्प. कुठे थांबते, कुठे दोनदा दाबते, कुठे "अगं बाई" म्हणते, ते कागदावर लिहा. माझ्या मावशीनं वजन निवडलंच नाही, कारण गोळ्या तिला नुसती नक्षी वाटल्या. गोळ्या काढून उघडणारी यादी लावली, पंधरा मिनिटांचं काम.

दुकान उघडल्यावर पहिल्या आठवड्यात शोधपेटीत लोक काय टाइप करतात ते बघत होतो. बिबडे कुणी देवनागरीत, कुणी इंग्रजी अक्षरांत, तेही चार तऱ्हांनी. ते चारही शब्द वस्तूला जोडून टाकले. पण सर्वांत जास्त वेळा आला तो शब्द होता "चीक". कुरडईसाठी शिजवलेला गव्हाचा चीक, वाटीत घेऊन वर तेल किंवा तूप-साखर घालून खायचा तो. तो पार्सलनं जात नाही, ताई विकतही नाहीत. त्यांनी फोनवरच मला सांगितलं तसं मी एक पान लिहिलं, गहू तीन दिवस भिजवण्यापासून चीक घोटून शिजवण्यापर्यंत. थीममध्ये अशा लेखाच्या पानाखाली वस्तू लावायची सोय होती, तिथे कुरडईचं पाकीट लावलं. खाली बटण, "पिशवीत टाका."